पहिला ‘हो’ लिहून घेऊ नका

जय सेवा. जय भीम. जमलेल्या सगळ्यांना माझा हात जोडून नमस्कार.

समोर आपल्या रामटेके मॅडमच्या आई बसल्या आहेत. केशोरीहून आल्या. म्हणजे जिल्ह्याच्या त्या टोकावरून ह्या टोकाला, ह्या वयात, जीपमध्ये हाडं खिळखिळी करून. त्यांच्या बाजूला जावई आहेत. तालुक्याच्या ऑफिसातले लोक आहेत, ठेकेदार आहेत, मॅडमच्या जागी आलेले नवे साहेब आहेत. आणि मागे पल्याडच्या टोल्याचे, म्हणजे नाल्यापलीकडच्या वस्तीचे लोक. ते कंबरभर पाण्यातून नाला ओलांडून आले, त्यांचे कपडे अजून ओले आहेत. बसा बाप्पा, सगळे बसा. मागच्यांनी पण बसा. आपल्या शाळेच्या ह्या वऱ्हांड्यात एवढी माणसं मी कधी पाहिली नव्हती. पाहिली तर आज पाहिली, अशा दिवशी.

मघाशी सरपंच मला म्हणाले, "कौसल्याबाई, तुम्ही पाणी समितीच्या अध्यक्ष. मॅडमसोबत तुमचंच बसणं-उठणं जास्त. तुम्ही बोला." मी म्हटलं, मला रडता येते, बोलता येत नाही. तर म्हणाले, जे येते ते करा. म्हणून उभी झाले. शाळेतली मराठी बोलून पाहते. राग आला का माझ्या तोंडात माझी बोली येते, आणि आज मला लगित, म्हणजे भारी राग आहे. आधीच सांगून ठेवते.

माझ्या आधी नवे साहेब बोलले. चांगलं बोलले. म्हणाले, मॅडमचं अर्धं राहिलेलं काम आपण लवकर पूर्ण करू. नाल्यावरचा पूल वरच्या घाटावर अडकून पडला आहे, तिथं मशीन पोचत नाही, तर तो खालच्या घाटावर बांधू. पुलाला शालिनी रामटेके यांचं नाव देऊ. आणि शेवटी म्हणाले, गावानं याला एकमतानं ‘हो’ म्हटलं आहे. शोकसभा आहे म्हणून तुम्ही टाळ्या वाजवल्या नाही. पण माना हलवल्या. मी इथं बाजूला उभी राहून पाहून राहिली होती. सगळ्यांच्या माना हलल्या.

त्या माना कशाला हलल्या ते मला माहीत आहे. पण त्याच्यावर मी शेवटी येते. आधी मॅडमचं सांगते. साहेबांना द्यायचा जबाब मॅडमच्याच गोष्टीत आहे.

नवीन लोकांसाठी सांगते. रामटेके मॅडम तालुक्याच्या ऑफिसात इंजिनेर होत्या. ह्या डोंगरातल्या आमच्या गोंडांच्या गावांत रस्ता असो, पाणी असो, अंगणवाडी असो, काय बांधायचं, कुठं बांधायचं, कोणाकडून बांधून घ्यायचं, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. मी त्यांना कधी ‘त्या’ म्हणेन, कधी ‘ती’ म्हणेन. ती मला मावशी म्हणायची. तेवढा हक्क माझा आहे.

ती आमच्याकडे पहिल्यांदा आली ती चौकशीला आली. चौकशी कायची? टाकीची. ती बघा, शाळेच्या मागून दिसते. तिच्या आधीच्या कोण्या साहेबांनी ती टाकी बांधली. झकास टाकी. पण तिच्या नळाला कोणी घागर लावत नव्हतं. बाया आपल्या नाल्यात झिरा खोदून तिथलंच पाणी भरत होत्या. वर रिपोर्ट गेला, का ह्या लोकांना सगळं दिलं तरी ह्यांना नकोच असते. म्हणून मॅडमला पाठवलं.

आता ती टाकी कुठं आहे? ऐनाच्या झाडाजवळ. त्या झाडाखाली आमच्या देवाचं ठाणं आहे. बाईचे चार दिवस असले का तिनं त्या बाजूला पाय टाकायचा नाही. मग त्या घरात पाणी कोण आणणार? नवरा? साहेब, हसू नका, इथल्या एकाही नवऱ्यानं घागर उचललेली मी पाहिली नाही. नियम चांगला का वाईट, ते तुम्ही ठरवा. पण टाकी बांधायच्या आधी कोणीतरी विचारायला पाहिजे होतं.

आणि गंमत अशी का विचारलं होतं. ते आधीचे साहेब आले होते. खुर्च्या मांडल्या, चहा केला. साहेबांनी हात करून विचारलं, "इथं टाकी बांधायची, चालेल ना?" आणि सगळे म्हणाले, "हो साहेब, चालेल." मी पण म्हटलं.

मॅडमनं मला विचारलं, "मावशी, मग तुम्ही सगळ्यांनी हो काऊन म्हटलं?"

मी म्हटलं, "आमी तं नाई म्हनलं होतं."

तिनं हातातली वही मिटली.

मॅडमच्या आई, तुम्हाला हे सांगायला पाहिजे. आमच्या गावात पोरीला मागणी घालायला पाहुणे आले, तर दारातल्या पाहुण्याला कोणी ‘नाही’ म्हणत नाही. पाहुणा आहे तो. उन्हातून आला आहे. त्याला पाणी द्यायचं, जेवू घालायचं, आणि हो म्हणायचं. मग तो गेल्यावर घरात भांडण होते. आई एक म्हणते, मामा दुसरं म्हणते, पोरगी कोपऱ्यात रडते. आणि खरंच पटलं, तर पोरीकडचे लोक स्वतः उठून पोराच्या गावाला जातात. ते गेले म्हणजे हो. नाही गेले, तर पोराकडच्यांनी समजून घ्यायचं. कोणाचा अपमान नाही, काही नाही. पुढच्या बाजारात भेटले तर पुन्हा रामराम.

तर टाकीच्या वेळेस साहेब आले, आम्ही हो म्हटलं, त्यांना चहा पाजला. ते गेल्यावर गावात सगळ्यांचं ठरलं का तिथं टाकी नको. म्हणून आमच्यातला एकही माणूस त्यांच्या ऑफिसला गेला नाही. आमच्या हिशेबानं आम्ही ठणकावून नाही म्हटलं होतं. आणि एक दिवस पाहतो तर ट्रकमधून गिट्टी उतरून राहिली. आम्ही म्हटलं, अरे, हे कसे लोक आहेत? नाही म्हटलं तरी बांधून राहिले!

मॅडमनं हे ऐकलं आणि ती हसायला लागली. अशी हसली का तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग डोळे पुसले. म्हणाली, "मावशी, मी काल खालच्या गावात रस्त्याची सभा घेतली. सगळे हो म्हणाले. मी खूश होऊन घरी गेली."

मी विचारलं, "कोनी आलं का तुमच्या हाफिसात?"

"नाही."

"मंग राहू द्या थो रस्ता."

त्या टाकीचं तिनं काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणाली, टाकी तर उचलून नेता येत नाही, पाणी नेता येते. पाइप टाकला, टोल्याच्या मधोमध नळ काढून दिले. पण ह्या खेपेस आधी विचारलं, आणि विचारून निघून गेली. जाताना खुर्चीवरून उठून म्हणाली, "मी तुमचा आजचा हो लिहून घेत नाही. घरी जा. भांडा. पटलं तर माझ्याकडे या. नाही आलात तर मी समजेन, आणि रागावणार नाही."

आम्ही बाया गेलो. टेंपोत कोंबून बसून गेलो. ऑफिसात पहिल्यांदा पाय टाकला आमच्यातल्या कितीक जणींनी. तिच्या टेबलासमोर उभ्या राहिलो आणि एकमेकींना कोपरानं ढोसत राहिलो. मग मीच म्हटलं, "आलो." ती उठून उभी राहिली. तिनं आम्हाला बाहेरच्या गाड्यावरचे गरम आलुबोंडे खाऊ घातले, आणि मग लिहिलं. तिच्या हातचा तो पहिला खरा होकार. शांतीबाई, तू होतीस ना? मिरची लागली म्हणून तू माझंही पाणी पिऊन टाकलं होतंस.

तर अशी तिची कामाची तऱ्हा झाली. दरेकशाकडच्या गावांत, तिकडे वर डोंगरात, सगळीकडे. सभा घ्यायची, सांगायचं, नकाशा जमिनीवर काडीनं काढून दाखवायचा, आणि निघून जायचं. मग वाट पाहायची. ऑफिसात तिला बोलणी बसायची. मार्च आला, पैसा परत जाईल, तुमच्या गावातले लोक अजून चालत येऊनच राहिले का मॅडम, असं म्हणायचे तिला. इथं बसलेल्यांपैकी काही म्हणाले असतील. मी नावं घेत नाही, मला माहीतही नाहीत. ती मला सांगायची आणि हसून सोडून द्यायची. पण कधी कधी हसायची नाही. तेव्हा मी समजायची का आज जास्त बोलले.

आता पुलाकडे येते.

पल्याडच्या टोल्यात माझी पोरगी दिली आहे. मधे नाला. पावसाळ्यात नाला चढला का टोला तिकडे, शाळा इकडे, दवाखाना इकडे, रेशन इकडे. पूल पाहिजे. पाहिजेच. ह्याच्यावर कोणाचं दुमत नव्हतं. भांडण होतं जागेवर.

खालचा घाट सोपा आहे. रस्ता लागून आहे, जेसीबी सरळ खाली उतरते. पण त्या काठावर आमचे गोटे आहेत. आमच्यात माणूस गेलं का त्याच्या नावानं एक गोटा उभा करतात. माझी सासू तिथं आहे. माझा मधला दीर तिथं आहे. आमच्या गावच्या जाणत्या सोमाजीबाबांचे सगळे मोठे तिथं आहेत. आम्ही नवीन धान आणलं का आधी तिथं ठेवतो, मग घरी खातो. वरच्या घाटावर खडक आहे, पाया चांगला, पण तिथपर्यंत रस्ता काढायचा तर धनलालच्या दोन बांध्या, धानाची दोन शेतं जातात. आणि धान पिकवणाऱ्या माणसाला तुम्ही म्हणा का तुझ्या बांधीतून रस्ता काढतो. पाहा मग.

धनलाल मागे बसला आहे. धनलाल, मी सांगू का? मान नको हलवू, तोंडानं सांग. हं, सांग म्हणतो.

तर सगळं गाव वरच्या घाटावर आलं, धनलाल येईना. म्हणायचा, गोटे हलवता येतात, माझी बांधी हलवता येते का? शिव्या झाल्या. दोन भाऊ एकमेकांशी बोलेनात. शेवटी एक दिवस आम्ही सगळे धनलालच्याच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून ऑफिसला गेलो. ट्रॅक्टर तोच चालवत होता. आम्ही आत गेलो, मॅडमला म्हटलं, आलो. तिनं खिडकीतून खाली पाहिलं. म्हणाली, "धनलालभाऊ वर नाही आले?"

खाली जाऊन तिनंच त्याला विचारलं. तो म्हणाला, "मी तं ट्रॅक्टर चालवाले आलो जी."

तिनं त्याला चहा दिला, आणि वर येऊन आम्हाला म्हणाली, "मग आज तुमचा हो आला नाही. परत जा."

बाप्पा! आम्ही काय चिडलो! एवढ्या लांब आलो, डिझेल जाळलं, आणि ही बाई म्हणते परत जा. मी तिला तोंडावर म्हटलं, "एका मानसासाठी सगळ्या गावाले परत पाठवून राहिली का तू?" ती म्हणाली, "मावशी, बांधी त्याची आहे." एवढंच म्हणाली. आणि आम्ही रस्ताभर तिला शिव्या देत परत आलो. मी पण दिल्या.

त्यानंतर लगित दिवस काहीच झालं नाही. पुलाचं नाव निघेना. ऑफिसात तिच्यावर काय गुजरलं ते ऑफिसातल्या लोकांना माहीत असेल. मग एका सकाळी धनलाल सायकलवर बसून एकटा तालुक्याला गेला. तिच्या ऑफिसाच्या पायऱ्या चढला. म्हणाला, "आलो." मॅडमनंच मला सांगितलं. म्हणाली, "मावशी, आता पूल होते."

कामाला लागले. खडकावर पाया गेला, पिलर उभे राहिले. मॅडम उन्हात छत्री न घेता उभी राहायची. आणि मग पाऊस लागला, वरचा कच्चा रस्ता चिखलानं भरला, काम थांबलं. ह्या सगळ्यात तिला ताप आला.

आता मी जे बोलते त्याची मॅडमच्या आईंनी मला माफी द्यावी. पण मला तिचा राग आहे. मेलेल्या माणसाचा राग करू नये म्हणतात, मी करते. त्या दिवशी ती आमच्याकडे आली होती, पिलर पाहायला. डोळे लाल. हात धरला तर भाजून राहिला. मी विचारलं, "बऱ्या आहात ना मॅडम?" म्हणाली, "हो मावशी." आमच्या आशाताईनं म्हटलं, बोटातून रक्त घेते, मलेरिया पाहू. म्हणाली, "हो, उद्या येते ना." हो! उद्या! जिनं आम्हाला सगळ्यांना शिकवलं का पहिला हो मानायचा नाही, ती स्वतः काय करून गेली? आमचाच हो आमच्या तोंडावर मारून गेली. तुले कोनी शिकवलं होतं वो असं बोलाले? आमी शिकवलं? मंग तुले हेच शिकायचं होतं का आमच्यापासून?

पाणी द्या जरा.

मलेरिया मेंदूत चढला. गोंदियाला नेलं, तिथून नागपूरला घेऊन निघाले. ती पोचली नाही. जावई गाडीत सोबत होते. त्यांनी मला काल सांगितलं का वाटेत बरळून राहिली होती, कोणीतरी वर आलं का, कोणी आलं का, असं विचारत होती. त्यांना वाटलं घरचं कोणी विचारते. आज सांगते, जावईबापू. ती आम्हाला विचारत होती.

आता साहेब, तुमच्याकडे येते.

साहेब, तुम्ही वाईट माणूस नाही. मागच्या आठवड्यात तुम्ही पहिल्यांदा आलात. आमच्या घरचं पाणी प्यायलात, सोमाजीबाबांच्या पाया पडलात. मग नकाशा काढला आणि म्हणालात, वरचा रस्ता वाहून चालला, पुढच्या पावसापर्यंत थांबलो तर पुलाचा पैसा परत जाईल. खालच्या घाटावर केला तर लवकर होईल, मॅडमचं नाव देऊ, चालेल ना? आणि आम्ही सगळे काय म्हणालो?

हो साहेब, चालेल.

पाहुणा दारात. त्यात घरात दुःख. त्यात मॅडमचं नाव. कोणाच्या तोंडून ‘नाही’ निघणार होतं? तुम्ही लिहून घेतलं, ग्रामस्थांची एकमतानं संमती. तुम्ही खोटं नाही लिहिलं. जे ऐकलं ते लिहिलं.

पण साहेब, तुम्ही गेल्यावर गावात काय झालं ते तुम्हाला कोणी सांगितलं नाही. त्या संध्याकाळी सोमाजीबाबांच्या अंगणात सगळे बसले. एक शब्द खालच्या घाटाच्या बाजूनं निघाला नाही. धनलालचाही नाही. आणि बसल्या बसल्या दुसरंच ठरलं. ठरलं का मॅडमच्या नावानं आपल्या गोट्यांमध्ये एक गोटा उभा करायचा. आमच्या जातीची नव्हती, आमच्या देवाची नव्हती, तरी करायचा. धनलालनं गोटा आणूनही ठेवला आहे. रस्त्यासाठी त्याची बांधी खोदली, तेव्हा तिच्यातून निघालेला आहे तो.

आणि साहेब, तुमचा पूल तिथंच येते. तुमची जेसीबी पहिल्या दिवशी त्या गोट्यांवरून जाणार. मॅडमच्या नावाचा पूल बांधायसाठी मॅडमच्या नावाचा गोटा उपटायचा. असं करायचं का आपण?

काय? कोण म्हणालं बस? सोमाजीबाबा, तुम्ही? "बस वो कौसल्या, पाव्हन्यासमोर असं बोलत नाई." हो बाबा, मला माहीत आहे. तुम्हीच शिकवलं मला. काय म्हणतो धनलाल? "बोलू द्या तिले." ऐकलं बाबा? तो म्हणतो बोलू द्या. बोलते ना मी मंग. बोलून राहिली मी.

आणि तुम्ही सगळे मनात काय म्हणून राहिले तेही मला समजते. पूल गेला तर? नाही म्हटलं आणि साहेबांनी फाइल बंद केली तर? माझी पोरगी पल्याड आहे. तिचे दिवस भरत आले. आज ती इथं आली नाही, कारण नाल्यातून तिला आणायची माझी हिंमत झाली नाही. पूल नाही झाला तर पहिला मार माझ्याच घराले बसते. मले समजत नाई का? रात-दिस थेच दिसून राहिलं डोळ्यांसमोर. काल मी त्या पिलरांजवळ जाऊन उभी होती. पाणी त्यांच्यावरून जाऊन राहिलं आहे. पुढच्या वर्षीही तसंच जात राहील, असं वाटते मला कधी कधी. असे अर्धे पिलर ह्या तालुक्यात कमी आहेत का?

तरी पण सांगते. साहेब, नाही.

खालच्या घाटावर नाही.

मी पाहुण्याला तोंडावर नाही म्हटलं. माझ्या जन्मात पहिल्यांदा म्हटलं, आणि तेही शोकसभेत, मॅडमच्या आईसमोर. पण मॅडम असती तर मला हे बोलावंच लागलं नसतं. ती विचारून निघून गेली असती, आणि तिच्या ऑफिसात बसून आमच्या पायांची वाट पाहत राहिली असती. आता आमच्यासाठी वाट पाहणारं तिथं कोणी नाही. म्हणून तोंड उघडावं लागलं. साहेब, तुम्ही वाट पाहाल का? पाहणार नसाल तर तेही सांगा, आमच्यासारखं हो म्हणून जाऊ नका. वरच्या घाटाचा रस्ता कसा सुधारायचा ते घेऊन या. सांगा आणि निघून जा. पटलं तर आम्ही येऊ. ट्रॉलीत येऊ, सायकलवर येऊ, पायी येऊ. धनलालसकट येऊ. पायऱ्या चढून वर येऊ.

मॅडमच्या आई, तुमच्याशी एक बोलायचं आहे. त्या गोट्याचं. तुमचा धम्म वेगळा, तुमची रीत वेगळी. तुमच्या लेकीच्या नावानं आमच्यात गोटा उभा करायचा, तर आधी तुम्हाला विचारायला पाहिजे. आम्ही विचारतो. पण तुम्ही आता मान हलवू नका. नको, नको, हलवू नका माय. आज तुम्ही रडून राहिल्या, आमच्या दारात आल्या, तुम्ही काही पण हो म्हणाल. केशोरीला जा. घरी सगळ्यांशी बोला. नाही पटलं तर नका कळवू, आमच्या मनात काही येणार नाही. गोटा धनलालच्या अंगणातच राहील, आम्ही तिथंच फूल ठेवू. पटलं तर निरोप द्या, आम्ही तुम्हाला घ्यायला जिल्ह्याच्या त्या टोकापर्यंत येऊ.

आता उठा. मागचे पण उठा. लहान्यांना खाली ठेवा, उभे राहू द्या. डोकं झाकायचं असेल त्यांनी झाका. दोन मिनिटं कोणी बोलायचं नाही. पल्याडच्या टोल्याच्या बायांनो, रडायचं असेल तर रडा, पण आवाज नका काढू.

आणि साहेब, हात जोडून एक सांगते. आम्ही आता सगळे गप्प राहू. हे गप्प राहणं तिच्यासाठी आहे.

याला होकार म्हणून लिहू नका.